टर्बोला दम खाऊ द्या!

मराठी विभागासाठी लेख मागायला संपादक मंडळातली मैत्रीण आमच्या रूमवर आली, तेव्हा आधी मी हसलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. अजूनही एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा गोंधळ होतो. भाजीवाल्या मावशी ‘पाऊणशे’ म्हणाल्या की मी मनातल्या मनात हिशोब करते आणि शेवटी शंभरची नोट पुढे करते. पण ज्या विषयावर मला लिहायचं आहे, त्यावर गेला महिनाभर कँटीनमध्ये भांडण चालू आहे आणि ते अस्सल मराठीतच चालू आहे. तेव्हा म्हटलं, आपणही मराठीतच भांडावं. शुद्धलेखनाची जबाबदारी संपादकांची, मतांची जबाबदारी माझी.

विषय आहे टर्बोचार्जर. झालंय असं की, आमच्या मेकॅनिकलच्या काही मित्रांनी वर्गणी काढून भंगारातून ट्रकचा एक जुना टर्बो आणला आहे. तो त्यांना एका जुन्या ८०० सीसीच्या पेट्रोल गाडीला लावायचा आहे. टेक-फेस्टला ही ‘स्पोर्ट्स कार’ कॉलेजच्या गेटपासून पेठ नाक्याच्या रस्त्यावर पळवून दाखवायची, असा बेत आहे. गाडीच्या काचेवर ‘टर्बो’ असं स्टीकर तर आधीच लागलंय! माझं म्हणणं मी सुरुवातीलाच सांगून टाकते. मित्रांनो, हा टर्बो त्या गाडीला लावू नका. लावायचाच असेल तर लॅबमध्ये लावा, आणि तोही आधी उघडून, समजून घेऊन.

“तुला टर्बोतलं काय कळतं गं?” हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. मेकॅनिकलला मुलगी असली की तो रोज येतोच. म्हणून आधी मला काय कळतं ते सांगते, आणि मग ते मला किती महागात पडून कळलं तेही सांगते.

टर्बोचं तत्त्व म्हटलं तर अगदी सोपं आहे. इंजिनातून बाहेर जाणारा गरम धूर आपण फुकट घालवतो. त्या धुराच्या वाटेत एक छोटं चाक बसवायचं, ते टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, तो कॉम्प्रेसर. धूर टर्बाइनला फिरवतो, दांडा कॉम्प्रेसरला फिरवतो आणि कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, आणि इंधन जास्त म्हणजे ताकद जास्त. आल्फ्रेड ब्युची नावाच्या स्विस इंजिनिअरने याचं पेटंट १९०५ साली घेतलं. पण कागदावरची ही कल्पना डिझेल इंजिनावर नीट चालवून दाखवायला त्याला वीस वर्षं लागली. आपल्या मित्रांनी स्वतःला तीन आठवडे दिलेत.

यातला कॉम्प्रेसर आपल्या भागातल्या कुणालाही नवा वाटू नये. आपल्याच सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथले पंप देशभर गेले. विहिरीवरच्या सेंट्रिफ्यूगल पंपात जो इंपेलर असतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. मधून आत घ्यायचं, फिरवून कडेला फेकायचं, आणि त्या वेगाचं दाबात रूपांतर करायचं. तो पाणी फेकतो, हा हवा फेकतो. फरक आहे तो वेगाचा.

आता त्या वेगाबद्दल. कँटीनमध्ये मी सहज विचारलं, “टर्बो मिनिटाला किती फेरे घेतो?” एक जण म्हणाला आठ हजार. दुसऱ्याने मोठं मन करून वीस हजार सांगितले. खरी गोष्ट अशी आहे. घरातला सिलिंग फॅन मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो. शेतातला पंप २,९०० च्या आसपास. कारखान्यात साखर आणि मळी वेगळी करणारं सेंट्रिफ्यूगल मशीन हजार-दीड हजार. साध्या पेट्रोल गाडीचं इंजिन साडेसहा हजाराला लाल रेघेला टेकतं. आईचा मिक्सर फुल स्पीडला अठरा-वीस हजार. आणि गाडीचा टर्बो? दीड लाख, दोन लाख, लहान इंजिनाचा असेल तर दोन लाखांच्याही वर. मर्सिडीझच्या ए ४५ एस या गाडीच्या दोन लिटरच्या इंजिनातला टर्बो १,६९,००० पर्यंत जातो आणि त्या इंजिनातून ४२१ हॉर्सपॉवर निघते. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ ते २०२५ या काळातल्या नियमांनी टर्बोला १,२५,००० ची मर्यादा घातली होती. म्हणजे घरापुढे उभ्या असलेल्या छोट्या डिझेल गाडीतला टर्बो शर्यतीच्या गाडीतल्या टर्बोपेक्षा जास्त फेरे घेत असू शकतो. कारण सरळ आहे. चाक जितकं लहान, तितके फेरे जास्त. (दातांच्या डॉक्टरांचं हवेवरचं ड्रिल तीन-चार लाखांनी फिरतं, पण तो विषय इथे नको.)

आकडा ऐकून “बापरे” म्हणणं सोपं आहे. मीही म्हटलं आणि विसरून गेले. मग एका रात्री मेसमधून आल्यावर वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये येतं तेवढंच. कॉम्प्रेसरच्या चाकाचा व्यास ५० मिलिमीटर धरा आणि वेग दीड लाख. म्हणजे सेकंदाला २,५०० फेरे. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग लागतो असं धरलं, तर तेवढ्यात अडीचशे फेरे झाले. चाकाच्या कडेचा वेग येतो सेकंदाला ३९३ मीटर, तासाला चौदाशे किलोमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. मुठीत मावणाऱ्या त्या चाकाची कड आवाजाच्याही पुढे पळतेय!

खरी भीती वाटली ती पुढच्या ओळीला. चाकाच्या अगदी कडेला एक ग्रॅम धातू आहे असं समजा. त्याला धरून ठेवायला किती जोर लागतो? उत्तर येतं ६३० किलो वजनाएवढा. मी तीनदा करून पाहिलं. एक ग्रॅमला ६३० किलो. जवळपास एक अख्खी मारुती ८०० त्या एका ग्रॅमला लटकलीय असं समजा. शिवाय हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दहा टक्के वाढला की ताण एकवीस टक्के वाढला. आता विचार करा, आपल्या मित्रांनी आणलेला टर्बो भंगारातला आहे. आधीच्या मालकाने तो का टाकला, त्याच्या पात्यांना कुठे बारीक चीर गेलीय का, कुणालाच माहीत नाही. तो फुटला तर त्याचे तुकडे कुणाच्या ओळखीचे नाहीत.

“पण कंपन्या लावतातच ना? मग आम्ही का नाही?” हा कँटीनमधला सगळ्यात जोरदार मुद्दा. बरोबर आहे, लावतात, आणि आपल्या महाराष्ट्रातच लावतात. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातून २००४ च्या सुमारास स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० हॉर्सपॉवर. (शहर आता छत्रपती संभाजीनगर झालंय.) पुण्याजवळच्या रांजणगावला बनलेली फियाटची पुंटो अबार्थ ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली. १.४ लिटरच्या टर्बो इंजिनातून १४५ हॉर्सपॉवर. दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीचं मॉडेल २०१२ च्या ऑटो एक्स्पोत मांडलं गेलं, तेव्हा आपली स्वतःची स्पोर्ट्स कार म्हणून केवढं कौतुक झालं होतं. तिच्यात रेनोचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, २५० हॉर्सपॉवर. आज फियाट आणि अवंती दोन्ही बाजारात नाहीत, पण बॉइज होस्टेलच्या भिंतींवर त्यांची पोस्टर्स असल्याचं मी ऐकून आहे.

मात्र या गाड्यांची इंजिनं टर्बोसाठीच घडवलेली होती. पिस्टन, गॅस्केट, कनेक्टिंग रॉड सगळं त्या हिशोबाने. दाब ठरावीक मर्यादेवर गेला की जास्तीचा धूर बाजूने सोडून देणारा वेस्टगेट असतो. हवा दुप्पट दाबली की ती तापते. ३० अंशांची हवा सव्वाशे अंशांच्या आसपास जाते, म्हणून तिला थंड करायला इंटरकूलर असतो. गरम हवा तशीच पेट्रोल इंजिनात घातली तर मिश्रण ठिणगीची वाट न बघता भडकतं, खटखट आवाज येतो, आणि काही वेळात पिस्टनला भोक पडतं. आपल्या मित्रांच्या गाडीत कार्बुरेटर आहे. हवा वाढली की तेवढं पेट्रोल वाढवायची अक्कल त्याला कोण शिकवणार?

आणि मुळात ट्रकचा टर्बो त्या गाडीला फिरेल का? तेही गणित करून पाहिलं. ८०० सीसीचं इंजिन ५,००० फेऱ्यांना मिनिटाला फार तर २,००० लिटर हवा घेतं. ५.९ लिटरचं ट्रकचं इंजिन नुसत्या श्वासावर २,५०० फेऱ्यांना सात हजारांच्या वर घेतं, आणि टर्बोमुळे ती जवळपास दुप्पट होते. एवढ्या धुरासाठी बनवलेल्या टर्बाइनवर ८०० सीसीचा धूर सोडणं म्हणजे पिठाच्या गिरणीला हाताने फिरवायला जाण्यासारखं आहे. टर्बो रमतगमत फिरेल, दाब तयारच होणार नाही, उलट धुराच्या वाटेत अडथळा होऊन गाडी आहे त्यापेक्षा हळू पळेल. टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, त्याला लॅग म्हणतात. लहानपणी मिरज स्टेशनवर आजोबांचा हात धरून मी डिझेल इंजिनं बघायचे. गाडी निघताना इंजिन काळ्या धुराचा लोट सोडायचं आणि आजोबा म्हणायचे, “बघ, आता जोर लावतंय.” ती १६ सिलिंडरची अल्को इंजिनं. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढायचं, पण टर्बो वेग घेईपर्यंत हवा कमी पडायची, म्हणून तो धूर. म्हणजे मी टर्बो लॅग पाहिला तो वयाच्या सहाव्या वर्षी, मला त्याचं नाव कळायच्या कितीतरी आधी.

आता माझी गोष्ट. ती सांगायची खरं तर लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय मला बोलायचा हक्क नाही.

पप्पांकडे एक जुनी टर्बो डिझेल गाडी आहे. लायसन्स मिळाल्यापासून सुट्टीत ती मीच चालवते. मागच्या वर्षी पुण्याला काकांकडे आमच्या खूप फेऱ्या झाल्या. येताना खंबाटकीचा घाट चढायचा, मग सातारा, कराड, पेठ नाका, सगळं एका दमात. मला ते फार आवडायचं. चढाला अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून बारीक शिट्टी यायची. आष्ट्याला होस्टेलच्या गेटसमोर गाडी झोकात थांबवायची, तिथल्या तिथे चावी फिरवायची आणि उतरायचं. सर्व्हिसिंगची तारीख उलटून गेली होती. पप्पांनी ऑइल बदलायचं काम माझ्यावर सोपवलं होतं, आणि मी “पुढच्या महिन्यात” म्हणत चार महिने काढले.

कॉलेज बसचे ड्रायव्हर तात्या एकदा गेटवर उभे होते. पूर्वी ते उसाच्या ट्रकवर होते. माझा झोक पाहून म्हणाले, “पोरी, लगीच चावी फिरवू नगंस. जरा दम खाऊ दे की गाडीला. शर्यतीतनं पळून आलेल्या बैलाला कुणी लगीच दावणीला बांधतं व्हय? फिरवून आणत्यात जरा.” मी हसून “हो तात्या” म्हटलं आणि आत गेले. मनात म्हटलं, हे जुन्या ट्रकचं ज्ञान आहे, आपली गाडी मॉडर्न आहे.

दोन महिन्यांनी कराडच्या पुढे शिट्टीचा आवाज बदलला. आधी सायरनसारखा झाला, मग गाडीची ताकदच गेली आणि मागे निळसर धूर. सांगलीच्या मेकॅनिकने टर्बो उतरवून माझ्या हातात दिला. म्हणाला, “हलवून बघा.” दांडा हाताला कडकड हलत होता. तेलाची नळी त्याने उभी धरली, आत बघितलं तर काळा कोळसा. पप्पा काही बोलले नाहीत. बिल भरलं, त्या महिन्यात घरात नवीन फ्रिज यायचा होता तो आला नाही. आई अजूनही जुन्या फ्रिजचं दार दोरीने बांधते. मी घरी गेले की ती दोरी मला दिसते.

झालं होतं ते असं. टर्बोचा दांडा बहुतेक गाड्यांत साध्या बॉल बेअरिंगवर फिरत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. बेअरिंगमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी. टर्बाइनच्या बाजूला डिझेलमध्ये सात-आठशे अंश, पेट्रोलमध्ये हजारापर्यंत तापमान, म्हणून ते चाक निकेलच्या खास मिश्रधातूचं करतात. मधला दांडा वाचतो तो वाहत्या तेलामुळे. घाट मारून आल्यावर तुम्ही एकदम इंजिन बंद केलं की ऑइल पंपही बंद. तापलेल्या टर्बाइनची उष्णता दांड्यात उतरते, बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल जळतं, त्याचा कोळसा होतो. तेल आधीच जुनं असेल तर लवकर होतो. एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर धूर गार होतो, तेल फिरत राहतं, टर्बो निवतो. हल्लीच्या पुष्कळ टर्बोंना पाण्यानेही थंड करतात, त्यामुळे धोका कमी झालाय, पण वेळेवर तेल बदलण्याला पर्याय अजून निघालेला नाही.

हे सगळं गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. इंग्रजीत. आमच्या घरात ते इंग्रजी सगळ्यात सराईतपणे वाचू शकणारी मी, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढणारी मीच. तात्यांनी ते पान जन्मात पाहिलेलं नाही, पण त्यातलं वाक्य त्यांनी मला बैलाच्या भाषेत सांगितलं होतं. त्या दिवसापासून ‘शिकलेला’ हा शब्द मी जरा जपून वापरते.

हा घोटाळा फक्त माझाच नाही. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिलची जेटफायर नावाची टर्बो गाडी निघाली. पेट्रोल गाडीला टर्बो देण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक. मिश्रण वेळेआधी भडकू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं एक द्रावण अधूनमधून भरावं लागायचं. लोकांनी वेगाचं कौतुक केलं, द्रावण भरायला विसरले. तक्रारी इतक्या आल्या की दोन वर्षांत गाडी बंद झाली आणि कित्येकांच्या गाडीतला टर्बो काढून साधं इंजिन करून दिलं गेलं. दुनियेच्या पाठीवर कुठेही जा, वेगाचे चाहते भरपूर आणि तेल-पाणी बघणारे कमी.

आपल्या शिक्षणातही तेच होतं असं मला वाटतं, आणि इथे मी सरांची आधीच माफी मागते. परीक्षेत टर्बोचार्जरची सुबक आकृती काढली, फायदे-तोटे लिहिले की मार्क मिळतात. तिसऱ्या वर्षापर्यंत मी चार वेळा ती आकृती काढली. पण टर्बो पहिल्यांदा हातात घेतला तो बिघडलेला, गॅरेजमध्ये, पप्पांच्या पैशाने. आपल्यातल्या कितीजणांनी तो उघडून पाहिलाय? म्हणूनच मला त्या मित्रांचा राग येत नाही. निदान ते हात काळे करायला निघालेत. माझं भांडण त्यांच्या हौसेशी नाही, रस्त्याशी आहे. त्या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या असतात, शाळेची पोरं सायकलवर असतात. शिवाय आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, तो ट्रकचा टर्बो लॅबला द्या. त्याचा अर्धा भाग कापून कट-सेक्शन मॉडेल करू. पुढच्या बॅचला आकृतीऐवजी वस्तू दिसेल. वर्गणी काढलेल्यांची नावं त्यावर लावा, माझी हरकत नाही. दोन, टर्बो फिरवून बघायचाच असेल तर सरांच्या देखरेखीखाली, टेस्ट रिगवर, तेलाचा पुरवठा देऊन आणि भोवती जाड पत्र्याचं कुंपण घालून. गॅरेजमध्ये गंमत म्हणून हवेच्या पाइपने टर्बो फिरवतात तसं करू नका, कोरडं बेअरिंग तिथेच संपतं. तीन, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टर्बोची निगा कशी राखायची याचं एक पान आपण मराठीत छापू या. सुरू केल्यावर लगेच रेस करू नका, पळवून आल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, तेल आणि एअर फिल्टर वेळेवर बदला. सीझनला आपल्या गेटसमोरून उसाचे किती ट्रक जातात! एका ट्रकचा टर्बो गेला तर त्या घरातला फ्रिजच नाही, मुलांची फी सुद्धा अडते. ते पान लिहायला मी तयार आहे. तपासायला तात्यांना बसवू.

टेक-फेस्टच्या दिवशी कट-सेक्शनसमोर उभं राहून समजावून सांगायची ड्यूटीही मी घेते. त्या एक ग्रॅमचं आणि ६३० किलोचं गणित मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहीन. आणि हो, परवा घरून येताना होस्टेलच्या गेटवर गाडी थांबवली, पण बंद केली नाही. घड्याळ लावून दोन मिनिटं बसून राहिले. तात्या बसच्या पायरीवर चहा पीत होते. त्यांनी नुसता कप वर केला.